मेक इन्स्टॉलने सिस्टीमच्या फायली बदलल्या, तर फॉरमॅट मारू नका

नवं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून बसवताना प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो फोल्डर) म्हणून /यूएसआर दिला आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने बसवणं) मारलं, की उबुंटूच्या स्वतःच्या पायथनवर नवं पायथन चढतं. लगेच काही कळत नाही. मग ग्नोम टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडेनासं होतं, कारण उबुंटूत ते सुरू करणारी फाईल पायथनमध्येच लिहिलेली आहे. मेक डीपीकेजीला (उबुंटूत पॅकेजं बसवणारा आणि त्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) विचारत नाही, त्याच्याकडे नोंदही करत नाही; म्हणून पॅकेजच्या यादीत सगळं ठीकठाक दिसतं.

मशीन रीस्टार्ट करू नका. उघडं टर्मिनल असेल तर त्यातच 'सुडो -आय' करून अ‍ॅडमिनचा ताबा घेऊन ठेवा. नसेल तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा.

तालुक्याच्या दुकानात 'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला हमखास मिळतो. पण उबुंटू २४.०४ ची आयएसओ (नव्याने बसवायची फाईल) ५ जीबीहून मोठी आहे. दिवसाला २ जीबीच्या रिचार्जवर, गावातल्या हॉटस्पॉटने ती उतरायला तीन दिवस जातात. बिघडलेलं पॅकेज सहसा काही एमबीचंच असतं.

आधी 'डीपीकेजी --व्हेरिफाय' चालवा. प्रश्नचिन्हांच्या ओळीत तिसऱ्या जागी ५ दिसला, तर त्या फाईलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळत नाही, म्हणजे ती बदलली आहे. पुढे 'सी' असेल तर ती कॉन्फिग (सेटिंगची) फाईल. बहुतेकदा आपणच बदललेली असते, तिला हात लावू नका. बाकीच्या फायलींचा पाथ, दिसला तसाच्या तसा, 'डीपीकेजी -एस'ला द्या (एस कॅपिटल). ती फाईल ज्या पॅकेजची, त्याचं नाव मिळालं की 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि ते नाव; एपीटी इंटरनेटवरून पॅकेज आणून पुन्हा बसवतं. एपीटीच बंद पडलं असेल, तर उबुंटूची हीच आवृत्ती असलेल्या मित्राच्या लॅपटॉपवर 'एपीटी डाउनलोड' करून डेब फाईल (पॅकेजची फाईल) पेन ड्राईव्हमध्ये आणा आणि 'डीपीकेजी -आय'ने बसवा.

व्हेरिफायला सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारी नावं) मात्र दिसत नाहीत. 'एलएस -एल'ने /यूएसआर/बिन/पायथन३ कुठे जातो ते बघा. २४.०४ वर तो पायथन३.१२ कडेच गेला पाहिजे. नसेल तर 'एलएन -एसएफ'ने आधी तो सरळ करा, रीइन्स्टॉल नंतर. पॅकेज बसताना चालणाऱ्या स्क्रिप्टना हाच पायथन लागतो.

पायथनच्या सोर्समध्ये 'मेक अनइन्स्टॉल' नसतंच; पण इतर ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतं, तिथे सगळ्यात जास्त नुकसान ते मारल्याने होतं. ते जुनी फाईल परत आणत नाही, त्या नावाची फाईल उडवतं. रीइन्स्टॉलनंतर मारलं तर नुकतीच दुरुस्त झालेली फाईलही जाते. कोणत्या फायली कुठे पडल्या ते 'मेक -एन इन्स्टॉल'मध्ये दिसतं, काही न बसवता. त्यातल्या ज्यांना डीपीकेजीत मालक नाही, म्हणजे ज्या कोणत्याच पॅकेजच्या नाहीत, तेवढ्याच हाताने काढा आणि 'एलडीकॉन्फिग' (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवा.

हे काम लाइन नुकतीच आली असताना करा. मध्येच गेली, तर मशीन सुरू झाल्यावर अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पुढच्या वेळी प्रीफिक्स घरच्या फोल्डरमधला द्या, म्हणजे सुडो लागतच नाही.