पर्समधली सुई-दोऱ्याची पुडी

ब्रिटिश सैनिकांच्या सामानात सुई-दोऱ्याची कापडी गुंडाळी असे. तिचं नाव ‘हाउसवाइफ’. सुया टोचायला तिच्यात लोकरी कापड असायचं. ही युक्ती मुंबईच्या पावसाळ्यात आजही घ्यावी, कारण उघड्या सुया दमट हवेत गंजतात आणि गंजकी सुई पांढऱ्या शर्टावर डाग पाडते. फ्लॅनेलच्या तुकड्याला मशीनच्या तेलाचा एकच थेंब चोळा, सुया त्यात खोचा. वापरण्याआधी सुई पुसायला विसरू नका.

तयार किटमधला दोरा बहुधा कच्चा असतो, तो काढून टाका. पॉलिएस्टरचा पांढरा, काळा नि करडा दोरा तीन-तीन मीटर जुन्या पासाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळा. दोन सुया, दोन सेफ्टी पिना, शर्टाची चार बटणं, एक हुक, टिचबटणाची जोडी. बास.

बटण लावताना दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी होतात. बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली दोऱ्याचे तीन वेढे देऊन गाठ मारा. घट्ट बसवलेलं बटण काजात ताणतं आणि लोकलच्या गर्दीत तेच आधी तुटतं.