रूम भाड्यानं घ्या, पण रूमवर कुणाचा डबा ठेवू नका

पाटण तालुक्यातून मी नवी मुंबईत घणसोलीला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. डिपॉझिट, भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, लोकलचा पास हे सगळं तुम्हाला गाववाले सांगतीलच. मी लिहितोय ते रूमवर ठेवायला दिल्या जाणाऱ्या सिमच्या मशीनबद्दल आणि आपल्या नावावर निघणाऱ्या सिमबद्दल. हे सहसा कुणी सांगत नाही, आणि फटका मात्र नव्या माणसालाच बसतो.

गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा गावाहून आला आणि महापेला हेल्पर म्हणून लागला. दोन महिन्यांत चहाच्या टपरीवर ओळख झालेला एकजण त्याला म्हणाला, "तुझ्या रूमवर एक मशीन ठेवतो. वायफाय आमचं, लाइट बिल आमचं, वर तुला महिन्याला आठ हजार. फोन आला की सिम बदलायची, एवढंच काम." पोरगं खूश. संध्याकाळी त्यानं मला फोटो दाखवला. पत्र्याचा काळा डबा, मागं बोटाएवढ्या अँटेनांची रांग, पुढं सिमचे खाचे. मी मोजले, बत्तीस भरले.

याला सिमबॉक्स म्हणतात. परदेशातला कॉल इंटरनेटवरून या डब्यात येतो आणि डब्यातल्या एखाद्या सिमवरून साधा लोकल कॉल होऊन पुढं जातो. सरळ मार्गानं आलेला परदेशी कॉल उतरवून घेण्यासाठी इथल्या कंपनीला मिनिटाला ३५ ते ६५ पैसे मिळावेत, असं ट्रायनं (दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२० मध्ये ठरवलं. देशातल्या कॉलवर असा आकार १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे. या दोन्हींतला फरक सिमबॉक्सवाले खातात. पण खरं नुकसान पैशांचं नाही. परदेशात बसलेला भामटा पोलीस असल्याचं भासवून फोनवरच "डिजिटल अरेस्ट"ची धमकी देतो, तेव्हा इथल्या म्हाताऱ्या माणसाला स्क्रीनवर आपल्याकडचा दहा आकडी नंबर दिसतो. माग काढत पोलीस येतात ते तुमच्या रूमवर. डबा ठेवून गेलेल्याचं तुम्हाला धड नावही माहीत नसतं.

"मी फक्त जागा दिली" हे म्हणणं फार तोकडं पडतं. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांची जागा घ्यायला दूरसंचार कायदा २०२३ आलाय, आणि त्याचं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झालं. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सिम बसतील असं उपकरण परवानगीशिवाय नुसतं जवळ बाळगलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम घेणं, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बदलणं यालाही हीच शिक्षा. परवान्याशिवाय दूरसंचार सेवाच चालवली तर दंडाची मर्यादा २ कोटी. हेल्परच्या पगारात हे आकडे मांडून बघा.

आता अंगठ्याचं. स्टेशनबाहेर छत्री लावून सिम विकतात, तिथं "अंगठा नीट आला नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं तर मशीनच्या स्क्रीनकडं बघा आणि पहिल्या वेळचं काय झालं ते विचारा. दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावानं दुसरं सिम निघू शकतं, आणि ते असल्याच डब्यात जाऊन बसू शकतं. माझ्या नावावर चार नंबर निघाले, मी वापरत होतो दोन. सरकारच्या संचार साथी या साइटवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की नावावरची सगळी सिम दिसतात. जे आपलं नाही त्यापुढं "माझा नंबर नाही" असं नोंदवायचं. एका माणसाला महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ सिम. जुना फोन घेताना त्याचा आयएमईआयही तिथंच तपासा, आणि बिल घ्या.

गावठाणात बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली, रूममध्ये रेंज येत नाही. म्हणून बरेचजण ऑनलाइन बूस्टर मागवतात. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदेशीर आहे, शिवाय तुमच्या बूस्टरमुळं आसपासच्या लोकांची रेंज बिघडते. कंपनीकडं तक्रार करा, तोवर वायफाय कॉलिंग चालू करा.

भाच्याला घेऊन मी त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो, फोटो आणि मेसेज दाखवले. मेसेज त्यानं डिलीट केले नव्हते, ते फार उपयोगी पडलं. कुणाच्या रूमवर डबा आधीच येऊन बसला असेल तर तो खाडीत टाकू नका, गावाला पळूनही जाऊ नका. भाडेकरार आणि चॅट घेऊन आधी वकिलाला भेटा. वकील परवडत नसेल तर ठाणे जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. कमी उत्पन्नाच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथं मोफत वकील मिळतो.