घाटात गाडी बंद पडण्याआधी मी काय शिकले

माझं काम पतसंस्थांच्या ऑडिटचं. महिन्यातले आठ-दहा दिवस कराडहून निघायचं आणि पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत जायचं. गाडी 2012 ची, पेट्रोलवरची, छोटी. चालवायला मला चांगली येत होती, पण बॉनेट मी कधी स्वतःच्या हाताने उघडलं नव्हतं.

एका संध्याकाळी पाटणच्या अलीकडे मागचं चाक बसलं. डिक्कीतून स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. गाडी घेतल्यापासून ती कुणी तपासलीच नव्हती. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी स्टेपनी स्वतःच्या गाडीत टाकून पाटणला नेली, हवा भरून आणली आणि चाकही बदलून दिलं. अडीच तास गेले. मदत मिळाली म्हणून बरं, पण त्या अडीच तासांत आपल्याला या गाडीतलं काहीच कळत नाही ही गोष्ट मला फार लागली. गाडीने रोजचा प्रवास सुरू करणाऱ्यांनी, विशेषतः एकटीने फिरणाऱ्या मुलींनी, निदान एवढं तरी शिकून घ्यावं म्हणून हे लिहिते आहे.

शिकायचं कुठे? ज्यांना यात नोकरी-धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. मला तेवढं नको होतं. मी गॅरेज शोधायला लागले. दोन ठिकाणी "ताई, तुम्ही कशाला हात काळे करताय" असं म्हणून चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणच्या मेस्त्रींनी एकच विचारलं, "येळ हाय का? एका दिवसात न्हाय यायचं." दुसरा आणि चौथा शनिवार ठरला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मी त्यांची जीएसटीची कागदपत्रं लावून दिली. तुम्हालाही असा कुणी मिळाला तर त्याच्या कामाच्या गर्दीत जाऊ नका, आणि जाताना ओढणी, बांगड्या, अंगठी, घड्याळ घरी ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची अंगठी आली तर बोट भाजतं, आणि फिरत्या बेल्टजवळ ओढणी म्हणजे जिवाशी खेळ.

पहिले तीन शनिवार मेस्त्रींनी मला पाना हातात घेऊ दिला नाही. "आधी बघा. हात मागनं." म्हणून मी बघत राहिले. सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ऑइलची काडी काढायची, पुसायची, परत बुडवून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ब्रेक ऑइलच्या डबीवरही दोन रेघा असतात. ते कमी झालं की नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही, कारण पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, या दोनपैकी एक असणारच. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. फ्यूजचा नकाशा, जॅक कुठे लावायचा, कुठला दिवा कशाचा, सगळं त्यात असतं. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, एवढं साधारण लक्षात ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचं गाव दोन किलोमीटरवर असलं तरी इंजिन बंदच करायचं. ऑइलचा दाब नसताना तेवढ्या अंतरातही इंजिन जाम होऊ शकतं.

चाक बदलायला मी चौथ्या वेळेला शिकले आणि त्या दिवशी सलग तीनदा बदललं. यात घाई करू नका, कारण रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळा हेच करावं लागतं. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, तिरपं विरुद्ध असलेल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. मग गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. मी पहिल्यांदा आधी जॅक चढवला आणि नट फिरवायला गेले तर चाकच फिरायला लागलं. टायरच्या दुकानात नट गनने आवळलेले असतात, ते हाताच्या जोराने सुटत नाहीत. पाना डावीकडे आडवा येईल असा बसवायचा आणि त्याच्या टोकावर पाय देऊन हळूहळू वजन टाकायचं. कर्र असा आवाज येतो आणि नट सुटतो. तो आवाज ऐकल्यावर माझी भीती निम्मी गेली.

जॅक कुठेही लावायचा नाही. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाच्या जवळ, दोन बारीक खाचा असतात, त्यांच्या मध्येच लावायचा. पावसाळ्यात साइडपट्टी मऊ असते, जॅक आत रुतून गाडी कलंडते, म्हणून मी फूटभर लाकडी फळी डिक्कीत ठेवते. गाडी उचलली की स्टेपनी आधी गाडीखाली सरकवून ठेवायची. जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, हातावर नाही. नटची निमुळती बाजू चाकाकडे. आवळताना गोलात एकामागून एक नाही, समोरासमोरचे. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा पूर्ण आवळायचे, आणि साधारण पन्नास किलोमीटरनंतर एकदा तपासायचे.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी स्टेपनी आहे का ते आधी विचारावं. ऑक्टोबर 2020 पासून, टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्या किटने खिळ्याचं भोक बुजतं, टायरची बाजू फाटली असेल तर काही उपयोग नाही. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं आणि ती टायर गार असताना मोजायची. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. कमी हवेचा टायर बाजूने सतत दबत राहतो, त्याने तापतो आणि फुटतो. टायर किती जुना आहे तेही बघा. बाजूवरचे शेवटचे चार आकडे 2319 असतील तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला.

गाडी सुरूच होत नसेल तर आधी कान द्या. चावी फिरवल्यावर दिवे मंद होऊन नुसतं टक-टक-टक झालं तर बहुतेक बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडायचं टोक, सैल असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर 10 नंबरच्या पान्याने आधी काळं टोक सोडवा, साफ करा, घट्ट बसवा. माझ्या शेजाऱ्यांची गाडी एवढ्यानेच सुरू झाली. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी ठीक आहे, पेट्रोल किंवा स्पार्क बघायला हवा. जंपर केबल लावताना लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. काढताना बरोबर उलट क्रम.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवायची नाही. 2021 च्या जुलैतल्या पुराबद्दल चिपळूणच्या एका मेस्त्रींनी मला सांगितलं, "पानी उतरल्यावर ज्यांनी सेल्फ मारला नाय, त्यांचं इंजिन वाचलं." सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉडच वाकतो. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं किंवा न्यूट्रलला टाकणं, हेही नको. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

माझ्या डिक्कीत आज रस्त्यावर ठेवायचा चमकणारा त्रिकोण, डोक्याला लावायची टॉर्च, जंपर केबल, गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, 10 आणि 12 चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, चाकू, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, फ्यूज, पाच लिटर पाणी आणि ती फळी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीचा 1033 आणि आणीबाणीचा 112 हे नंबर कागदावर लिहिलेत. त्रिकोण गाडीमागे निदान पन्नास पावलांवर, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. हायवेवर गाडीत किंवा गाडीमागे थांबू नका, रेलिंगच्या पलीकडे उभे राहा.

गेल्या जुलैत चिपळूणहून परत येताना, पोफळी सोडून घाट चढताना तापमानाचा लाल दिवा लागला. माझ्या गाडीत काटा नाही, नुसता दिवा आहे. लगेच एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत येते. पुढच्या रुंद वळणावर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ येत होती. रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या भागाच्या, टोपीला हात लावला नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी उघडली की दाब जातो आणि ते एकदम तोंडावर उसळतं. मोबाइलला रेंज नव्हती. पाऊण तास मी धुक्यात थांबून राहिले.

गार झाल्यावर टॉर्च मारली तर रेडिएटरचा वरचा होज पाइप, म्हणजे पाणी नेणारा रबरी पाइप, तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पजवळ चिरलेला. क्लॅम्प सैल केला, चिरलेला इंचभर तुकडा चाकूने कापून टाकला, पाइप पुन्हा ओढून बसवला, आवळला. पाणी थोडं थोडं ओतलं, कारण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो. टोपी लावून इंजिन पाच मिनिटं चालवून गळतंय का ते बघितलं आणि दर पाच किलोमीटरला थांबत हेळवाक गाठलं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बॉनेट उघडून बराच वेळ माझं काम बघितलं. "स्क्रू ड्रायव्हर तिरका धरला व्हता, स्क्रूची खाच गेली," म्हणाले. मग विचारलं, "खालचा पाइप दाबून बघितला का?" नव्हता बघितला. त्यांनी माझं बोट त्याच्यावर ठेवून दाबलं. तोही तसाच मऊ पडला होता आणि टोकाशी बारीक भेगा होत्या. दोन्ही एकाच वयाचे. त्या दिवशी दोन्ही पाइप बदलले, नवीन कूलंट भरलं, आणि खालचा पाइप मी बसवला.