जंकचं शीड अर्धंच उघडत होतं: दोरीचा हिशेब

चीनच्या च्यांगसू किनाऱ्यावरच्या शाछुआन या सपाट तळाच्या जंकचं, म्हणजे चिनी शिडाच्या जहाजाचं, हे रेडिओवर चालणारं मॉडेल. मागून वारा असला तरी शीड पुरतं बाहेर जाईना. सर्वो (दोरी ओढणारी-सोडणारी छोटी मोटर) ठणठणीत होता, दोरी कमी पडत होती. सर्वोचा 5 सेंमीचा आर्म (दांडा) 90 अंश फिरला की जेमतेम 7 सेंमी दोरी सुटते. जंकची दोरी शिडाच्या आडव्या पट्ट्यांना बांधलेली, माझ्याकडे चार पदरी. सुटलेली दोरी चार पदरांत वाटली जाते, म्हणजे शीड पावणेदोन सेंमीच सरकणार.

डोलकाठीमागे शीड 24 सेंमी आहे. 60 अंश उघडायचं तर त्याची कड 24 सेंमी बाहेर जायला हवी. आर्म काढून ड्रमचा विंच (ड्रमवर दोरी गुंडाळणारी मोटर) बसवला: व्यास 38 मिमी, 4 फेरे, सुमारे 48 सेंमी दोरी. चार पदरांचे दोन केले आणि हिशेब जुळला. मूळ जहाजाचं रूप त्याने थोडं बदलतं, ते खटकतं. पण शीड आधी चाललं पाहिजे.

ढिली दोरी ड्रमखाली शिरून विंच जॅम होतो. म्हणून दोरी ड्रम आणि टोकाची पुली यांच्याभोवती बंद वळशात फिरवा, त्या पुलीला स्प्रिंग लावा. शीड बाजू बदलताना दोरी जहाजाच्या मागच्या कोपऱ्यात अडकते. तिथे 2 मिमी पितळी तारेची गोल कमान पुरते.