देवगिरी चढायचा तर शत्रू होऊन

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. त्या दिवशी आमच्याकडचे पाहुणे मी देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर नेते. अट एकच, पायथ्यापासून आपण शत्रूच्या फौजेतले. मार्गदर्शकाची पाठ केलेली माहिती ऐकत चढलात तर निम्मा किल्ला कळत नाही.

शक्यतो सकाळी लवकर निघा. संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता बाहेरच्या तटाच्या, म्हणजे अंबरकोटाच्या दरवाजातूनच जातो. गाडीतून उतरण्याआधीच पहिला तट ओलांडलात! त्याच्या आतल्या तटाच्या, म्हणजे महाकोटाच्या दरवाजांवरचे अणकुचीदार खिळे हात लावून बघा, हत्तीची धडक अडवायला ते ठोकलेत. आत शिरल्यावर वाट लगेच वळते. का, ते मुलांना विचारा. हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू द्यायची नाही.

चांदमिनारपाशी थांबू नका, तो उतरताना. चिनी महालाजवळ मात्र थांबा. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान तानाशाह औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवला. पलीकडच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाचं मेंढ्याचं डोकं बघायला विसरू नका.

मग खंदक. तो खडकात खोदलाय आणि वरचा कडा असा तासलाय की घोरपडसुद्धा चिकटायची नाही. पुढे अंधारी, म्हणजे खडकातला काळोखा भुयारी मार्ग. टॉर्च हवाच, नाकाला रुमालही, वटवाघळांचा वास फार. मध्ये जागेवर उभं राहून टॉर्च क्षणभर बंद करा. पायऱ्या लहानमोठ्या आहेत, त्यामुळे त्या अंधारात पाऊल टाकू नका. वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडत, असं सांगतात.

शहाजहानच्या बारादरीत बसून पाणी प्या आणि विचारा, हा किल्ला कसा घ्याल? आमच्या भाच्याने हेलिकॉप्टर सुचवलं होतं. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी आला तेव्हा इथल्या यादव राजाचं, रामदेवरायाचं सैन्य बाहेर होतं, आणि धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा आहे. 1633 मध्ये मोगलांनी सुरुंगांनी तट उडवले, पण शेवटी गडावरची उपासमारही त्यांच्या कामी आली.

दम असेल तर आणखी वर जनार्दनस्वामींची गुहा आहे. एकनाथांचे हे गुरू इथले किल्लेदार होते.

उतरताना चांदमिनार, मग भारतमाता मंदिर. तिथली मूर्ती अलीकडची, इमारत जुन्या मशिदीची, आणि खांब त्याहून जुन्या देवळांचे. खांबांवरचं कोरीवकाम जवळून बघा. तोवर गुडघ्यांनाही विश्रांती मिळते.