विल्यम पॅरीच्या सुरुवातीच्या आर्क्टिक सफरींचा तक्ता कसा काढावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेत भूगोलाच्या प्रदर्शनासाठी ब्रिटिश नौदलातील विल्यम एडवर्ड पॅरी याच्या आर्क्टिक सफरी दाखवायच्या असतील, तर वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा गिरवू नये. त्यावर रेखावृत्ते बहुधा समांतर असतात. प्रत्यक्षात रेखांशाचा एक अंश बेळगावजवळ सुमारे १०७ किलोमीटर भरतो आणि पॅरीने हिवाळा काढला त्या, कॅनडाच्या उत्तरेकडील मेलव्हिल बेटावर जेमतेम २९.

त्याऐवजी कार्डशीटच्या मध्याशी उत्तर ध्रुव धरून दोन अंशांना एक सेंटीमीटर या प्रमाणात अक्षवृत्ते काढावीत. ८० अंशांच्या वर्तुळाची त्रिज्या ५, ७० ची १० आणि ६० ची १५ सेंटीमीटर येते. शून्य रेखावृत्त ध्रुवापासून सरळ खाली आखून पश्चिम रेखांश कोनमापकाने डावीकडे मोजत जावेत. किनारे अ‍ॅटलासमधल्या ध्रुवीय नकाशावरून उतरवावेत. नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहिली, तर पाहायला येणारे सगळेच वाचू शकतील.

पहिली रेघ १८१८ ची. अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेने पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायला निघालेल्या मोहिमेचा प्रमुख जॉन रॉस याच्या हाताखाली ‘अलेक्झांडर’ जहाज पॅरीकडे होते. लँकेस्टर साउंड या पश्चिमेकडे जाणाऱ्या सामुद्रधुनीत शिरल्यावर समोर डोंगरांनी वाट अडवली आहे असे रॉसला दिसले आणि तो माघारी वळला. ते ‘क्रोकर पर्वत’ मुळात नव्हतेच. तक्त्यावर ते तुटक रेघेने अवश्य काढावेत, कारण १८१९ ची दुसरी रेघ त्यांच्यातूनच आरपार जाते आणि, माझ्या मते, तक्त्याचा सगळा अर्थ त्या एका छेदात आहे. ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ ही जहाजे घेऊन पॅरी पश्चिमेकडे जात राहिला, ४ सप्टेंबर १८१९ रोजी त्याने ११० अंश पश्चिम रेखावृत्त ओलांडले आणि त्याबद्दल संसदेने जाहीर केलेले ५,००० पौंडांचे बक्षीस मिळवले. वाटेत चुंबकीय ध्रुव जवळ आल्याने होकायंत्र निकामी झाले; तिथे होकायंत्राचे चित्र काढून त्यावर फुली मारावी.

पॅरीची जहाजे हिवाळाभर अडकून राहिली त्या मेलव्हिल बेटावरच्या विंटर हार्बरचा ठिपका ७४¾ उत्तर, ११०¾ पश्चिम येथे द्यावा. बेळगावचे रेखांशही साधारण ७४½ असल्याने मुले हे आकडे हमखास एकमेकांत मिसळतात. शेजारी चौकट आखून सुमारे तीन महिने सूर्य न दिसलेला हिवाळा, जहाजावरची नाटके, हस्तलिखित साप्ताहिक आणि स्कर्व्ही (ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा रोग) टाळण्यासाठी शेगडीच्या नळाजवळ उगवलेली मोहरी यांची नोंद करावी. ऑगस्ट १८२० मध्ये जहाजे बर्फातून सुटली. परतीची रेघ बारीक काढली तरी पुरते.

१८२१ ते १८२३ ची सफर हडसन सामुद्रधुनीतून गेल्यामुळे तिच्यासाठी दुसरी कार्डशीट घ्यावी.