मुंबईच्या घरात क्लाउड चेंबर: म्यूऑन कसे पाहायचे

क्लाउड चेंबर म्हणजे अल्कोहोलच्या धुक्यात सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी बंद पेटी. तीत न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही जवळपास न अडखळणारे विद्युतभार नसलेले कण, घरी दिसणार नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सूर्याकडून आलेले सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला नखाएवढ्या जागेतून आरपार जातात आणि त्याचा मागमूसही राहत नाही. पण न्यूट्रिनो किंवा डार्क मॅटर (विश्वातलं न दिसणारं द्रव्य) शोधणाऱ्यांना ज्यांचा सगळ्यात जास्त उपद्रव होतो, ते म्यूऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे, इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) आणि रेडॉन या किरणोत्सारी वायूतून सुटणारे अल्फा कण मात्र फिशटँक, अल्कोहोल आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) एवढ्यावर दिसतात. कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत आधी म्यूऑन मोजायलाच उतरले होते. अगदी खोलवर ते जवळजवळ संपतात हे कळल्यावर न्यूट्रिनोसाठी हीच जागा योग्य ठरली, आणि १९६५ मध्ये, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद तिथे झाली.

आता सामान. साधारण ३० × २० × २० सेंमीचा काचेचा फिशटँक क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला सहज मिळतो. तो उलटा ठेवायचा आहे, म्हणून काठ एका पातळीत आहेत का ते लादीवर पालथा घालून बघूनच घ्या. ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, टँकपेक्षा चारही बाजूंनी २ सेंमी मोठा, नागदेवीला कापून मिळेल. त्याच्या वरच्या बाजूला काळी इन्सुलेशन टेप पट्ट्या एकमेकींवर न चढवता लावा. अल्कोहोलने टेपचा गोंद हळूहळू सुटतो, तेव्हा दोन-तीन वापरांनंतर ती बदलावी लागते. काळा ॲनोडाइज्ड पत्रा मिळाला तर ही कटकटच नाही. जाड फेल्टची पट्टी, ती टँकच्या तळाला (म्हणजे उलटा केल्यावर छताला) धरून ठेवायला चुंबकांच्या जोड्या, एक आत आणि एक काचेबाहेर. गोंद वापरू नका, अल्कोहोल त्याला टिकू देत नाही. दरवाजाच्या फटीला लावतात ती फोमपट्टी टँकच्या काठावर.

अल्कोहोल आयसोप्रोपिल हवं, आणि ९९ टक्के. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड पुसायला विकतात ते चालतं. केमिस्टकडचं ७० टक्केवालं किंवा सॅनिटायझर आणलंत तर त्यातलं पाणी पत्र्यावर गोठेल आणि पांढऱ्या थराशिवाय काहीही दिसणार नाही. अपयशाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

ड्राय आइस २ ते ३ किलो, शक्यतो सपाट लादी. ज्या दिवशी बघायचं त्याच दिवशी आणा. घरच्या फ्रीझरमध्ये ती टिकत नाही. थर्माकोलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून आणा. घट्ट झाकलेला डबा फुटू शकतो. हात लावायचा तर जाड हातमोजे घालूनच.

सुरक्षेबद्दल मुंबईकरांनी जरा जास्त काळजी घ्यावी, कारण आपल्या खोल्या लहान. १ किलो ड्राय आइसचा अर्धा घनमीटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत २ किलो पूर्ण उडाला, तर हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि दिवसभर काम करायच्या जागेसाठी मर्यादा आहे अर्ध्या टक्क्याची. एसी बाहेरची हवा आत घेत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. खिडकी उघडी हवी, डबा टेबलावर हवा, आणि मुलं जमिनीवर लोळत नाहीत ना ते बघा. हा वायू जड असतो आणि खालीच साचतो. आयसोप्रोपिलची वाफ पेट घेते, म्हणून गॅस, उदबत्ती आणि देवघरातली निरांजनं तेवढा वेळ बंद.

फेल्टवर ३० ते ४० मिली अल्कोहोल जिरवा. थेंब टपकायला लागले म्हणजे जास्त झालं. ड्राय आइस थर्माकोलच्या ट्रेमध्ये सपाट पसरा, वर पत्रा ठेवा. पत्रा टेकताच कर्कश किंचाळतो. त्याने घाबरू नका. पत्र्याचा बर्फाशी पूर्ण संपर्क आला पाहिजे, लादीत खळगे असतील तर चुरा करून भरा. पत्र्यावर अल्कोहोलचा अगदी पातळ थर द्या, टँक उलटा ठेवा, दिवे घालवा आणि एक एलईडी टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर, बाजूने मारा.

पहिली १०-१५ मिनिटं नुसती भुरभुर दिसते. वरून खाली येणारी अल्कोहोलची वाफ उणे ७८ अंशाच्या जवळ गेलेल्या पत्र्यापाशी इतकी थंड होते की तिला थेंब व्हायचंच असतं, फक्त निमित्त लागतं. विद्युतभारित कण जाताना हवेचे रेणू आयनित करतो, आणि त्या आयनांभोवती थेंब धरतात. हा संवेदनशील थर पत्र्यापासून जेमतेम सेंटिमीटरभर उंच असतो, नजर तिथेच ठेवा. परदेशी व्हिडिओंत टँकच्या डोक्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवलेली दिसते. आपल्याकडे ३० अंशांत तिची गरज नाही.

जाड, आखूड, काही सेंटिमीटरचे पट्टे म्हणजे अल्फा, बहुतेक हवेतल्या रेडॉनचे. डार्क मॅटरवाले ज्या रेडॉनसाठी एकेक नट-बोल्ट तपासून घेतात, तोच हा. बारीक, वेडीवाकडी रेघ म्हणजे इलेक्ट्रॉन. सरळ, सडपातळ, लांब रेघ बहुधा म्यूऑनची. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक म्यूऑन येतो, म्हणजे या टँकमधून सेकंदाला दहाएक. तेवढे मोजायला जाल तर निराश व्हाल. बहुतेक जण वरून जवळजवळ उभे येतात आणि पातळ थरात ठिपक्याएवढीच खूण सोडतात. डोळ्यांत भरतात ते तिरपे आलेले.

भुरभुरच दिसत नसेल, तर पत्रा पुरेसा गार नाही किंवा अल्कोहोल पातळ आहे. धुकं गरगरत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे: फोमपट्टी दाबून बघा, पंखा बंद करा, खिडकीच्या बाजूला पुठ्ठा उभा करा. काहीच रेघा नाहीत पण धुकं स्थिर आहे, तर बहुतेक वेळा टॉर्चचा कोन चुकलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग करूच नये असं आमचं मत. दमट हवेतलं पाणी पत्र्यावर गोठतं आणि काच बाहेरून घामेजते. करायचाच असेल तर टँकमध्ये आदल्या रात्री सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून तोंड बंद करा, आणि फेल्ट कोरडं करून घ्या. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

अल्फा मुद्दाम बघायचे असतील तर लाल टोकाची थोरिएटेड (किंचित किरणोत्सारी थोरियम मिसळलेली) टंगस्टन वेल्डिंग कांडी आत ठेवा. ती घासायची नाही. धूळ श्वासात जाता कामा नये.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांना एक जास्तीचा प्रयोग करता येतो: वरच्या मजल्यावर आणि तळाला म्यूऑन मोजणं. १५ सेंमीचे २० स्लॅब म्हणजे ३ मीटर काँक्रीट. ते पार करताना म्यूऑन साधारण दीड जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक, अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा गमावतो, तेव्हा कमी ऊर्जेचे वाटेतच थांबतात. दोन्हीकडे धुकं स्थिर झाल्यावर मोबाइल स्टँडवर लावून सारख्याच अंतरावरून, सारख्याच उजेडात चित्रण करा, आणि रेघा नंतर सावकाश मोजा. १०० रेघा मोजल्यात तर १० ची चूक धरावीच लागते, ४०० मोजल्यात तर २० ची. फरक त्याहून मोठा असेल तरच तो फरक. तळमजल्यासाठी उघडं स्टिल्ट पार्किंग बघा. बेसमेंटमध्ये ड्राय आइस नेऊ नका.

उरलेला ड्राय आइस सिंकमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. गॅलरीत उघड्यावर ठेवून द्या, सकाळपर्यंत उडून जाईल.